जायफळाचे बेट, पावसाचे पाणी: रुनवरचे जगणे समजून घेताना

श्रीखंडात किंवा पुरणात आपण जे जायफळ किसून घालतो, त्याच्या झाडाचे मूळ घर म्हणजे इंडोनेशियाच्या पूर्व भागातील बांदा द्वीपसमूह. सिंधुदुर्गातील बांद्याशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. मालुकू प्रांतातील ही दहा-अकरा लहान बेटे आहेत आणि त्यांच्या पश्चिम टोकाला रुन नावाचे वस्तीचे बेट आहे. त्याची लांबी सुमारे ३ किलोमीटर आहे आणि रुंदी १ किलोमीटरही भरत नाही. किनाऱ्यालगत एक गाव, मागे चढणीवर जायफळाच्या बागा आणि चारही बाजूंना खोल समुद्र, एवढाच या बेटाचा विस्तार आहे.

अशा जागेला आपण सहज ‘दुर्गम’ म्हणतो आणि तेथील अडचणींचे सारे खापर अंतरावर फोडतो. अंतर खरे आहे. मात्र सतराव्या शतकात हेच बेट जगाच्या व्यापाराच्या ऐन मध्यावर होते आणि तेव्हाही ते लंडन किंवा ॲमस्टरडॅमपासून तितकेच लांब होते. त्यामुळे रुनचे आजचे जगणे समजून घ्यायचे असेल, तर नकाशावरचे अंतर मोजून भागत नाही. बेटावर काय पिकते, त्याची किंमत कोठे ठरते, त्यातले किती बेटावर उरते आणि सरकारी पैसा कोणत्या मापाने वाटला जातो, हे पाहावे लागते. त्याची सुरुवात पाण्यापासून करणे योग्य ठरेल, कारण बेटावरचा बहुतेक प्रत्येक प्रश्न फिरून पाण्यापाशीच येतो.

रुन हे मुख्यतः वर उचलल्या गेलेल्या प्रवाळी चुनखडीचे बेट आहे. या खडकाला भेगा आणि पोकळ्या असतात, त्यामुळे पडलेले पाणी पृष्ठभागावर न थांबता खाली झिरपते आणि समुद्राला मिळते. मोठ्या बेटांच्या पोटात खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक थर तरंगत असतो आणि विहीर खणली की तो हाती लागतो. बेट जितके अरुंद, तितका हा थर पातळ असतो, आणि त्यातून जास्त उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते. रुनवर नदी नाही, भरवशाचा झराही नाही. १६१६ ते १६२० या काळात नॅथॅनिएल कोर्टहोप या इंग्रज कप्तानाने मूठभर माणसांसह डच वेढ्यात हे बेट लढवले, तेव्हा त्याच्या लोकांनाही पावसाच्या साठवलेल्या पाण्यावरच दिवस काढावे लागले होते. चारशे वर्षांनंतरही पत्र्याच्या छपरावरून पन्हाळीने सिमेंटच्या टाकीत उतरणारे पावसाचे पाणी हाच गावाचा मुख्य आधार आहे. ते संपले की पाण्याचे डबे आणि पिंपे नैरा या मुख्य बेटावरून बोटीने आणावी लागतात.

याचे गणित अगदी साधे आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. छप्पर ५० चौरस मीटरचे आहे आणि महिन्यात १०० मिलिमीटर पाऊस झाला असे धरले, तर फार तर ५,००० लिटर पाणी जमते. पाच माणसांच्या घराने माणशी रोज ४० लिटरच वापरले, तरी हा साठा २५ दिवसांत संपतो. म्हणजे बरा पाऊस झालेल्या महिन्यातही शेवटचे काही दिवस ओढगस्तीचे जातात. टाकी लहान असेल, तर मुसळधार पावसाचे जास्तीचे पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते. एल निन्योच्या वर्षी पूर्व इंडोनेशियातला पाऊस लांबतो आणि हे सारे गणित कोलमडते. ज्या घराला मोठे छप्पर आणि मोठी टाकी परवडते, ते घर कोरड्या महिन्यांत तग धरते. ज्याला परवडत नाही, ते पाणी विकत घेते किंवा शेजाऱ्याकडे मागते. जमिनीच्या मालकीइतकेच छपराच्या आकारावरून गरीब-श्रीमंत ठरावे, अशी ही जागा आहे.

पाण्यामागोमाग बर्फाचा प्रश्न येतो. बांदा समुद्र फार खोल आहे. त्याच्या पूर्व भागातील वेबर गर्ता ७ किलोमीटरहून अधिक खोल आहे. या समुद्रात पिवळ्या परांचा टुना मोठ्या प्रमाणावर मिळतो. लहान होडीतून एकटा-दुकटा माणूस हातदोरीने हा मासा धरतो, आणि एकेक मासा वीस-तीस किलोंचा किंवा त्याहूनही मोठा असू शकतो. हातदोरीने धरलेल्या टुनाला परदेशी बाजारात विशेष भाव मिळतो, कारण जाळ्यातल्याप्रमाणे तो चेंगरत नाही आणि त्याच्याबरोबर इतर जलचर मारले जात नाहीत. मात्र हा भाव मिळण्यासाठी मासा पाण्याबाहेर येताच बर्फात गेला पाहिजे आणि थेट विमानात चढेपर्यंत बर्फातच राहिला पाहिजे. टुनाचे शरीर उष्ण असते. त्याला तासभर उन्हात ठेवले, तरी त्याच्या मांसाचा रंग आणि दर्जा उतरतो. मग कच्चा खाण्याच्या दर्जाचा मासा डबाबंद कारखान्याच्या दर्जाला येतो आणि त्याची किंमत कितीतरी कमी होते.

बर्फासाठी गोडे पाणी लागते आणि वीजही लागते. रुनसारख्या बेटावर पहिले पावसाच्या मर्जीवर असते आणि दुसरी डिझेल जनित्रावर चालते. अशा अनेक बेटांवर वीज दीर्घकाळ फक्त संध्याकाळचे काही तास येत असे, आणि डिझेल संपले की तीही येत नसे. पाणी नाही म्हणून बर्फ नाही, बर्फ नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून मोठी टाकी बांधायला हाती पैसा उरत नाही. हे चक्र एका घराला एकट्याने तोडता येत नाही. त्यामुळे मासेमार नैराहून बर्फ विकत आणतो, किंवा मिळालेला मासा बेटावरच धुरावर भाजून ठेवतो. मालुकूत अशा माशाला ‘इकान आसार’ म्हणतात. तो चवीला उत्तम असतो आणि काही दिवस टिकतो, पण तो जवळच्याच बाजारात विकावा लागतो. समुद्रात समृद्धी आहे आणि तिच्यातला मोठा वाटा होडी किनाऱ्याला लागण्याआधीच कमी झालेला असतो, ही गोष्ट मला या विषयात सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

बोटीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. रुन ते नैरा हा प्रवास लाकडी इंजिन-बोटीने साधारण दोन तासांचा आहे. बोट सकाळी रुनहून सुटते, बाजाराची कामे उरकून दुपारी परत निघते, आणि तिच्यातच तांदूळ, पेट्रोल, औषधे, पाण्याचे डबे, शाळेची पुस्तके आणि आजारी माणसे असे सारे काही जाते-येते. नैराहून पुढे आंबोन हे प्रांताचे मुख्य शहर आहे. तेथे पोहोचायला ‘पेल्नी’ या सरकारी कंपनीच्या मोठ्या जहाजाला साधारण एक रात्र लागते. हे जहाज रोज येत नाही, त्याचे वेळापत्रक पाहून लग्ने, प्रवास आणि शस्त्रक्रियाही ठरवाव्या लागतात. नैराच्या छोट्या धावपट्टीवर डझनभर आसनांचे विमान उतरते, पण हवामान बिघडले की तेही रद्द होते.

समुद्र वर्षातून दोनदा फिरतो. साधारण जूनपासून पूर्वेचे वारे जोरात वाहतात, तर डिसेंबर-जानेवारीनंतर पश्चिमेचे. स्थानिक भाषेत या ऋतूंना ‘मुसिम तिमूर’ आणि ‘मुसिम बारात’ म्हणतात. यातला ‘मुसिम’ हा शब्द आपल्या ‘मोसमा’चा सख्खा भाऊ आहे. दोघेही अरबीतून आले आणि दोन्हीकडे ते समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी पोहोचवले. या वाऱ्यांच्या काळात लहान बोटी दिवसचे दिवस बंद राहू शकतात. एरवी दोन तासांवर असलेले प्रसूतिगृह तेव्हा प्रत्यक्षात नसल्यासारखेच असते. इंडोनेशियात २०१४ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा योजना लागू आहे आणि तिने उपचाराच्या खर्चाचा प्रश्न बऱ्याच अंशी हलका केला आहे. परंतु विम्याचे कार्ड बोटीचे काम करत नाही. अशा बेटावर सर्वांत मोलाची आरोग्यसेवा म्हणजे कायम मुक्कामी राहणारी प्रशिक्षित सुईण आणि वादळी ऋतू सुरू होण्याआधी भरलेले औषधांचे कपाट.

आता जायफळाकडे वळू. एकाच फळातून दोन मसाले मिळतात. पिकलेले फळ उकलले की आत कठीण कवचाचे बी असते आणि त्यावर लालभडक जाळीदार आवरण असते. जाळी म्हणजे जायपत्री, आणि कवचातला गर म्हणजे जायफळ. बांदात हे फळ काढण्यासाठी लांब बांबूच्या टोकाला छोटी परडी आणि आकडे लावतात, या साधनाला ‘गाई-गाई’ म्हणतात. फांदी न ओरबाडता नेमके पिकलेले फळ त्या परडीत पाडून घेणे हे सरावाचे काम आहे. बागेत वर कनारीची उंच झाडे सावली धरतात, आणि त्यांच्या बदामासारख्या बियांची पूड वांग्याच्या कालवणात घालतात. फळाच्या बाहेरच्या जाड गराचा मुरंबा आणि साखरेत मुरवलेल्या फोडीही करतात.

जायफळाचे झाड घाई करत नाही. बियांपासून लावलेले रोप फळायला पाच ते सात वर्षे घेते आणि पूर्ण भरात यायला आणखी दहा. शिवाय ही झाडे नर आणि मादी अशी वेगळी असतात, आणि फूल येईपर्यंत कोणते झाड काय आहे, हे कळत नाही. इतकी वर्षे वाढवलेल्या झाडांतील साधारण निम्मी नर निघू शकतात. या अडचणीवर कलमांचा उपाय आहे आणि तो कोकणातील बागायतदारांना चांगला ठाऊक आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मसाल्याची आंतरपिके घेण्याची ‘लाखी बाग’ पद्धत रुजवली, तिच्यात मादी झाडाच्या काडीचे जायफळाचे कलम लावतात. ज्या बेटांवरून हे झाड जगभर गेले, तेथील लहान बागायतदारांपर्यंत अशी कलमे पुरेशा संख्येने पोहोचवणे हे काही अशक्यप्राय संशोधन नव्हे. त्यासाठी रोपवाटिका, तिला लागणारे पाणी आणि काही वर्षे चिकाटीने काम करणारा माणूस लागतो.

झाडानंतर वाळवणीचा प्रश्न येतो. बी संथपणे, काही आठवडे वाळवावे लागते. आतला गर सुटून कवचात खुळखुळू लागला, की ते तयार झाले असे समजतात. दमट हवेत, अपुऱ्या जागेत किंवा मधल्या पावसात वाळवण अर्धवट राहिली, तर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विषारी द्रव्य तयार होते. युरोपीय संघाने इंडोनेशियातून येणाऱ्या जायफळावर याच कारणासाठी अधिक कडक तपासणी लावली आहे. त्याचा परिणाम असा होतो की बेटावरचा माणूस चांगले वाळवो वा वाईट, त्याचा माल पुढे व्यापाऱ्याच्या गोदामात इतरांच्या मालात मिसळला जातो आणि भाव सरसकट कमी लावला जातो. चांगले वाळवल्याबद्दल जादा पैसे मिळणार नसतील, तर आठवडाभर आधीच माल विकून मोकळे होणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो. म्हणून सामायिक वाळवणघर आणि गावाच्या नावाने वेगळा ठेवलेला माल या दोन गोष्टी एकत्र आल्या, तरच उत्पन्नात फरक पडू शकतो. नुसते वाळवणघर बांधून उपयोग नाही.

येथे इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्याशिवाय आजची परिस्थिती नैसर्गिक वाटू लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाला मिळणारे जवळजवळ सारे जायफळ बांदातून येत असे. पोर्तुगीज येथे १५१२ मध्ये पोहोचले, डच १५९९ मध्ये. बांदाचे लोक स्वतः कसलेले व्यापारी होते, कोणाही एका गिऱ्हाइकाला बांधून घेणे त्यांना मान्य नव्हते. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून याने बेटांवर स्वारी केली. लोकांच्या चाळीसहून अधिक प्रमुखांना नैरावर ठार करण्यात आले, आणि सुमारे १५,००० मानल्या जाणाऱ्या मूळ लोकसंख्येतील बहुतेक माणसे मारली गेली, उपासमारीने मेली, गुलाम म्हणून नेली गेली किंवा पळून गेली. पळालेल्यांपैकी काही केई बेटांवर पोहोचले. त्यांचे वंशज आजही तेथे बांदाची मूळ भाषा बोलतात. खुद्द बांदात मात्र ती बोलणारा समाज उरला नाही. रिकाम्या झालेल्या बागांचे तुकडे पाडून ते डच मळेवाल्यांना दिले गेले आणि कामाला दूरदूरचे गुलाम आणले गेले. पुढे जावाचे मजूर आले, सुलावेसीजवळच्या बुटोन बेटाचे लोक आले. आजचे बांदावासी हे या सर्वांचे वारस आहेत.

रुनच्या वाट्याला याहूनही वेगळे दुर्दैव आले. या बेटावर इंग्रजांचा दावा होता, म्हणून डचांनी तेथील जायफळाची झाडेच तोडून टाकली, म्हणजे बेट परत द्यावे लागले तरी त्याचा कोणाला उपयोग होऊ नये. १६६७ च्या ब्रेडा येथील तहात ज्याच्या ताब्यात जे होते ते त्याच्याकडे राहिले: रुन डचांकडे आणि मॅनहॅटनवरचे न्यू ॲमस्टरडॅम इंग्रजांकडे. ‘रुनच्या बदल्यात न्यूयॉर्क’ ही गोष्ट पर्यटकांना हमखास सांगितली जाते. ती अगदीच खोटी नाही, पण तो दोन तुकड्यांचा सरळ अदलाबदलीचा सौदाही नव्हता. मला त्यापेक्षा तोडलेल्या झाडांची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, कारण जगाच्या बाजाराने या बेटाचे मोल तेथे काय पिकू नये यावरून ठरवले होते. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात बांदा काही वर्षे इंग्रजांकडे होते, तेव्हा जायफळाची रोपे पेनांग, श्रीलंका आणि पुढे कॅरिबियन बेटांकडे गेली, आणि मक्तेदारी संपताच जगाचे लक्षही संपले. १९३६ मध्ये डच सरकारने मोहम्मद हट्टा आणि सुतान श्याहरिर या स्वातंत्र्यनेत्यांना नैरावर हद्दपार केले. तोवर बांदाची ख्याती माणसाला जगापासून दूर ठेवण्याची जागा अशीच झाली होती.

स्वतंत्र इंडोनेशियाच्या काळातली अडचण वेगळ्या जातीची आहे आणि ती मोजमापाची आहे. केंद्र सरकार प्रांतांना आणि जिल्ह्यांना जो निधी वाटते, त्यात लोकसंख्या आणि भूभागाचे क्षेत्रफळ यांना दीर्घकाळ अधिक वजन राहिले आहे. मालुकू प्रांताच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्र आहे. तेथे रस्ता नसतो, त्या जागी बोट असते, आणि एका तालुक्याला एक दवाखाना पुरत नाही, कारण तालुका अनेक बेटांत विखुरलेला असतो. समुद्राचा हा खर्च जमिनीच्या मापात बसत नाही, म्हणून द्वीपप्रांत अनेक वर्षे स्वतंत्र कायद्याची मागणी करत आले आहेत. माझ्या मते ही मागणी रास्त आहे. हजाराच्या आसपास माणसांसाठी लागणारी शाळा, दवाखाना आणि धक्का यांचा माणशी खर्च शहरापेक्षा जास्तच येणार. तो जास्त येतो म्हणून वस्ती ‘परवडत नाही’ असे म्हणणे म्हणजे त्या लोकांचे नागरिकत्व कमी मोलाचे ठरवणे होय.

काही पावले पडली आहेत. २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर २०१५ पासून प्रत्येक गावाला केंद्राकडून थेट निधी मिळतो, त्यातून पायवाटा, टाक्या आणि छोटे धक्के बांधता येतात. त्याच सुमारास ‘तोल लाउत’, म्हणजे समुद्री महामार्ग या नावाने अनुदानित मालवाहू जहाजे सुरू झाली. मूळ विचार चांगला होता: जहाज ठरल्या दिवशी येईल आणि तांदूळ, सिमेंट, इंधन यांचे भाव उतरतील. अडचण परतीच्या फेरीत आहे. जहाज भरून येते आणि जवळपास रिकामे जाते, त्यामुळे एका फेरीच्या मालावर दोन फेऱ्यांचा खर्च पडतो. बेटांकडून नेण्यासारखा माल नाही, असे नाही. तो थंड ठेवण्याची, साठवण्याची आणि जहाज येईपर्यंत विकत घेऊन थांबण्याची ऐपत कोणाकडे नाही, म्हणजे प्रश्न पुन्हा पाणी, वीज आणि बर्फापाशी येतो.

पर्यटनाबद्दल मी सावधपणे बोलेन. नैरासमोरच्या गुनुंग आपी या ज्वालामुखीचा १९८८ मध्ये उद्रेक झाला. त्याच्या लाव्ह्यावर पाण्याखाली प्रवाळ इतक्या झपाट्याने वाढले की शास्त्रज्ञही चकित झाले. ते पाहायला पाणबुडे पर्यटक येतात. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीतही बांदा आहे. मात्र बरेच पर्यटक जहाजावरच राहतात, जेवतात आणि झोपतात, त्यामुळे गावात फार थोडा पैसा उतरतो. घरगुती निवासात राहणारा पाहुणा अधिक देऊन जातो, पण तो आंघोळही त्याच पावसाच्या टाकीतून करतो. ज्या बेटावर पाणी मोजून वापरावे लागते, तेथे पाहुण्यांची संख्या गावाने ठरवली पाहिजे.

असे ठरवण्याची परंपरा मालुकूत आहे. तिला ‘सासी’ म्हणतात. ठरावीक काळासाठी बाग किंवा समुद्राचा पट्टा बंद केला जातो, माडाच्या झावळीची खूण लावली जाते, आणि मुदत संपल्यावर सगळे एकत्र काढणी करतात. त्यामुळे कच्ची फळे तोडली जात नाहीत आणि शंख, समुद्रकाकडी यांना वाढायला अवसर मिळतो. बाहेरचा मोठा ट्रॉलर सासी मानत नाही. म्हणून २०१४ मध्ये मत्स्यव्यवहारमंत्री सुसी पुजियास्तुती यांनी परदेशात बांधलेल्या मोठ्या मासेमारी जहाजांचे परवाने थांबवले, तेव्हा पूर्वेकडील लहान मासेमारांना त्याचे मोल कळले.

तरुणांचा प्रश्न यातूनच उभा राहतो. गावातले शिक्षण संपले की पुढे नैराला राहावे लागते. तेथे हट्टा आणि श्याहरिर यांच्या नावाने सुरू झालेल्या उच्चशिक्षण संस्थाही आहेत. त्यापुढची वाट आंबोनची किंवा जावाची असते. घर सोडून नशीब काढायला जाण्याला इंडोनेशियात ‘मेरांताऊ’ म्हणतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. कोकणातून मुंबईला गेलेल्यांप्रमाणे हे लोकही पैसे पाठवतात आणि सणाला परततात. जाण्यात वाईट काही नाही. परत येऊ इच्छिणाऱ्याला बेटावर उपजीविका सापडते की नाही, हा खरा प्रश्न आहे. सौर विजेवर चालणारा छोटा बर्फाचा कारखाना, मोठ्या सामायिक टाक्या, वाळवणघर आणि कलमांची रोपवाटिका यांना चालवणारे हात लागतात, आणि ती कामे शिकलेल्या तरुणांचीच आहेत. आज जायफळाचे रोप लावले, तर ते पहिल्यांदा फळेल तेव्हा रुनच्या शाळेत पहिलीत बसलेले मूल सातवी-आठवीत पोहोचलेले असेल, आणि त्यानंतर एक-दोन वर्षांतच त्याने सामान घेऊन नैराच्या सकाळच्या बोटीत बसण्याची वेळ येईल.